नदीने अडवलेली जागा

३ मार्च
ऑफिसच्या मुख्य मशीनची डिस्क सत्त्याण्णव टक्के भरली! साहेब सकाळीच माझ्या दारात. "कोण किती जागा खातंय ते माणूसवार पाहिजे. आजच." जणू मी खानावळीची मालकीण.

काम सोपं आहे. एक कमांड द्यायची, ती प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये शिरून मोजते, खादाड वर, मिताहारी खाली. पण नुसते आकडे फार कोरडे दिसले, म्हणून प्रत्येकापुढे शेरा मारला. हिशेबनिसापुढे: 'यांच्या जुन्या मेल उत्खननासाठी राखून ठेवाव्यात.' पहिला नंबर नदीचं पाणी मोजणाऱ्या आमच्या नदीबाईचा – निम्म्याहून जास्त डिस्क एकटीची! तिच्यापुढे: 'बाईंच्या खोलीतून नदी शिरली आहे. बाकीच्यांनी टेबलावर चढून बसावे.' साहेब तिसरे. त्यांच्यापुढे काही नाही. जिभेला हाड नसलं तरी पोटाला पगार लागतो.

४ मार्च
साहेबांनी यादी फलकावर लावली – शेऱ्यांसकट! मी फक्त त्यांना दिली होती. सगळं ऑफिस खिदळतंय, फोटो काढतंय. खोटं कशाला लिहू, मी दोनदा मुद्दाम तिथून गेले.

नदीबाई रजेवर आहे, आईचं ऑपरेशन. तिचा एक प्रोग्राम चार वर्षं अखंड चालू आहे. नदीकाठच्या यंत्रांकडून पाण्याची पातळी येते, तो एकाच अवाढव्य फाइलमध्ये लिहीत बसतो. पूर यायच्या आधी कळावा, एवढीच तिची हाव.

साहेब म्हणाले, "पहिलं नाव उडवा."
"तिला विचारल्याशिवाय हात लावणार नाही."
"मुख्य पासवर्ड माझ्याकडेही आहे, बाई."

५ मार्च
पुन्हा मोजलं. नदीबाई यादीत तळाला! फाइल गायब. माझ्या तोंडचं पाणी पळालं. बॅकअप नाही – त्यासाठी डिस्क मागितली तेव्हा साहेब म्हणाले होते, "पुढच्या वर्षी बघू." तिला फोन केला, उचलत नाही.

दुपारी
गंमत अशी की डिस्क अजून भरलेलीच! सगळ्यांची बेरीज एक सांगते, डिस्क भलतंच. साहेब म्हणाले, "तुमचा हिशोब चुकतोय." चुकत नाहीये! फाइल पुसली म्हणजे दारावरची पाटी गेली, भाडेकरू आतच. तिचा प्रोग्राम ती फाइल उघडून बसलाय. तो चालू आहे तोवर फाइल जिवंत, बंद पडला की खलास.

म्हणजे अजून वाचवता येईल! पण साहेबांनीही कुठूनतरी ऐकलेलं: "मशीन बंद करून चालू करा, जागा सुटेल. उद्या बारा वाजता." आयुष्यात एकदा बरोबर बोलले, तेही नको तेव्हा.

'पुसलीत तुम्हीच ना?' हे जिभेवर आलं होतं. गिळलं.

६ मार्च
घरची डिस्क उचलून आणली. नवरा: "अगं, माझे सिनेमे!" – गेले तुझे सिनेमे. प्रोग्रामच्या हातातली फाइल तिच्यावर उतरवायला घेतली. गोगलगायसुद्धा लाजेल असा वेग.

बाराला साहेब हजर. "झालं का?"
"चहा घेऊन या, तोवर होतं."
"मला चहा नकोय." आणि सरळ मशीनकडे निघाले. मी खुर्ची सरकवून मध्ये बसले. त्यांचा हात माझ्या खांद्यावरून बटणापर्यंत पोचला आणि –

उतरली! अख्खी! मग बटण मीच दाबलं.

जागा सुटली. साहेब खूश: "बघा, मी म्हटलं नव्हतं?" चोराच्या उलट्या बोंबा.

९ मार्च
नदीबाई आली. आई बरी आहे. डिस्क तिच्या पुढ्यात ठेवली, ऐटीत म्हटलं, "साहेबांनी पुसलं होतं, मी वाचवलं."

तिने हात लावला नाही. "साहेबांनी नाही, ताई. मीच पुसलं. आईच्या खाटेशेजारी बसून, लॅपटॉपवरून. कुणीतरी फलकाचा फोटो पाठवला होता... वाटलं, आपल्यापायी लोक टेबलावर चढून बसलेत."