बाई लोकसभेला उभ्या राहिल्या तेव्हा

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. परवा तहसीलच्या आवारात कोणीतरी तुमचा विषय काढला, "त्या भेंडीवाल्या बाई" म्हणाला आणि हसला. पूर्वी मीही हसलो असतो, निदान गप्प बसलो असतो. या वेळी म्हणालो, त्या आमच्या बाई होत्या आणि लोकसभेला उभ्या होत्या, तुम्ही आजवर कशाला उभे राहिलात? तो चहा घेऊन दुसरीकडे जाऊन बसला.

चारठाण्याच्या शाळेतून तुम्ही निवृत्त झालात, तेव्हा सातवीनंतर मुलींना हायस्कुलात जायला वेळेवर एसटी नव्हती. तुम्ही अर्ज केले, पुढाऱ्यांच्या ओट्यांवर तासन्‌तास बसलात, आणि शेवटी कोणी नावही न ऐकलेल्या पक्षाचं तिकीट घेऊन थेट लोकसभेचा फॉर्म भरलात. माघारीच्या आदल्या दिवशी मी तुमच्याकडे आलो होतो. तेव्हा मी तहसीलमध्ये कारकून, आणि एका मोठ्या उमेदवाराच्या माणसानं मला गाठून सांगितलं होतं, तुमच्या बाईंना समजावा, या वयात हसं कशाला. तुम्ही चुलीपुढे बसून भाकरी थापताय. मी त्याचंच बोलणं जरा गोड करून तुमच्यापुढे मांडतो. तुम्ही तव्यावरची भाकरी उलटता, माझ्या ताटात वाढता आणि मग म्हणता, "निवडून येणाऱ्यानंच उभं राहायचं असंल, तर मतदान कशाला घ्यायलेत?" मी भाकरी खाऊन परत गेलो.

चिन्ह म्हणून तुम्ही फळा मागितला होता. तो दुसऱ्याला गेला, तुम्हाला भेंडी मिळाली. सोनपेठच्या बाजारात भाजीवाल्यांनी त्यावरून चेष्टा केली, तेव्हा त्यांच्याच टोपलीतली भेंडी हातात धरून तुम्ही तिथंच भाषण केलंत म्हणे. पुढच्या गावाला पुन्हा एसटीनंच गेलात.

मतमोजणीला माझी ड्यूटी माइकवर लागली. पहिल्या फेरीचा कागद हातात आला, मी वरच्या तिघांचे आकडे वाचले आणि "इतर उमेदवार" म्हणून थांबलो. जाळीपलीकडच्या खुर्च्यांवर उमेदवारांचे प्रतिनिधी बसले होते. तुमचा प्रतिनिधी कोणी नव्हता, तुम्हीच होतात. तुम्ही उठून उभ्या राहिलात. सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा, वर्गातल्या आवाजात म्हणालात, "हजेरी घेताना मागल्या बाकावरच्यांची नावं गाळत होते का रे मी? सगळी वाच." काही लोक हसले. मी साहेबांकडे बघितलं, त्यांनी वैतागून हात हलवला, वाचा म्हणून. मग मी वाचलं. तुमचं नाव, पक्षाचं नाव, दोन आकडी मतं. त्या दिवशी प्रत्येक फेरीत मी सगळी नावं वाचली, ज्याला एकही मत नव्हतं त्याचंसुद्धा. दुपारनंतर हसणारेही थकले आणि हॉलमध्ये नुसती नावं ऐकू येत राहिली.

संध्याकाळी फटाके वाजत असताना मी तुम्हाला गेटबाहेर गाठलं आणि सांगितलं, पहिल्या फेरीत नावं गाळायचा साहेबांचाच हुकूम होता, माझा इलाज नव्हता. खोटं होतं ते. मला कोणीच काही सांगितलं नव्हतं. तुमचं नाव घेतलं की आकडाही वाचावा लागणार, आणि तो वाचायची मलाच लाज वाटत होती. तुम्हाला ते कळलं असावं. एवढंच म्हणालात, "पडले मी. मान तू कशाला खाली घालायलास?" आणि जिंतूरची गाडी पकडायला निघून गेलात. मुलींची एसटी तुमच्या हयातीत आली नाही. आली तेव्हा तिला हार घालायला भलतेच लोक पुढे होते. पण तुम्ही पडलात म्हणून तुमची मागणी खोटी ठरली, असं मला कोणी सांगू नये. आता मी ऐकून घेत नाही.

या निवडणुकीत राणीसावरगावची एक बाई माझ्याकडे आली होती. मेंढरं राखणाऱ्या घरातली सून, तुमच्यासारखाच कोणाला माहीत नसलेला पक्ष. लहान पक्षाच्या उमेदवाराला सूचक म्हणून दहा मतदारांच्या सह्या लागतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नऊ झाल्या होत्या. गावातले दोघं आधी हो म्हणून मागे फिरले होते. ती म्हणाली, "भाऊसाहेब, पडनार हाय ते मला बी कळतंय. पण आमच्यातलं नाव मशीनवर कवा येनार?" मी निवृत्त माणूस, मला कोणाला विचारायचं नव्हतं. दहावी सही मी केली. ती पडली, आणि पुढच्या वेळी पुन्हा उभी राहणार म्हणते. मीही हो म्हणून बसलोय.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहितो. सही केल्यावर मी फॉर्मवरचं तिचं नाव आणि दहाही सूचकांची नावं मोठ्यानं वाचली. सह्या तपासतोय, असं मी तिला म्हणालो. तपासत नव्हतो, हजेरी घेत होतो, बाई.