पाव इंच

प्रिय आई,

मी बरा आहे. तुरुंगात पोटभर मिळतं, फक्त मक्याच्या ब्रेडला तुझ्या हातची चव नाही.

तू पुन्हा विचारलंस, म्हणून पुन्हा सांगतो, चूक तुझी नाही. खांदा मोडल्यापासून बाबांची बंदूक तुला पेलत नव्हती आणि कोल्हे कोंबड्यांवर टपलेले. म्हणून मी नळी कापली. कायद्याला अठरा इंच लागतात, त्याहून आखूड हवी तर आधी सरकारची परवानगी. मी बरोबर अठरावर कापली. मग खरखरीत कड तुझ्या हाताला लागू नये म्हणून कानशीने घासत बसलो. त्यात पाव इंच गेला, आणि बंदूक दुरुस्तीला नेली तेव्हा दुकानात कुणीतरी नळी मोजून पोलिसांना कळवलं.

वकील म्हणाला, "अरे लोवेल, एवढं नीटनेटकं काम करायला तुला सांगितलं कुणी?"

इथे सुतारखान्यात उस्ताद ओरडतो, "कड घास की जरा!" माझा हात कानशीकडे जातच नाही.

धाकटीने, रूथॅनने, आणलेली नवी बंदूक फार जड आहे का गं? तसं असेल तर उचलूच नकोस. कोंबड्या नेल्या तर नेऊ देत. मी येईपर्यंत तू तेवढी राहा.

तुझा,
लोवेल