चार जणी, पाच सुपं

४ एप्रिल १९८३, सोमवार, उदगीर

आज अप्पांनी मला पकडलं! भर मिलीत, सगळ्यांसमोर.

दाल मिलीत डाळ निवडणाऱ्या बायांची हजेरी घ्यायची, कॉलेज सोडल्यापासून हीच माझी नोकरी. कोंडाबाईच्या टोळीत पाच जणी. आज चारच बसलेल्या. पाचवी पंचशीला — कोंडाबाईची लेक. मी तिला हजर लावलं. ती नसली तरी माझ्या डोळ्यापुढं असतेच, मग खोटं काय लिहिलं?

अप्पा म्हणजे रेवणप्पा, मालक. स्वतः येऊन बाया मोजल्या. "साहेबराव, पाचवी कुठाय रे? तुझ्या खिशात?" बाया खोखो हसल्या. माझे कान तापले.

कोंडाबाई म्हणाली, "पाण्याला थांबलीय मालक. वस्तीत टँकर कवा येतो त्या डायवरलाच ठाव. आज तिची पाळी. तिचं सूप आम्ही चौघी करून राहिलो."

दुष्काळ पडल्यापासून असंच चाललंय. टोळीतली एक वस्तीवर थांबते, पाची जणींच्या घागरी भरते. बाकीच्या तिच्या वाटणीची डाळ निवडतात. कुणाचं काही अडत नाही.

अप्पांना नाही पटलं. "फाटकाबाहेर माणसं उभी हायत कामाला. शनिवारी गैरहजर बायांची नावं काट."

पहिलं नाव पंचशीलाचं!

५ एप्रिल

ती आली. आली ती माझ्यावरच — "मला हजर लावा म्हणून कोण सांगितलं होतं तुम्हाला? आईला उगं बोलणी बसली." मग दिवसभर अबोला. रागावली तेव्हा नाकाच्या शेंड्यावर डाळीचा भुसा होता. पुसावा वाटला. नाही पुसला. जगायचंय अजून!

६ एप्रिल

भांडलो. अप्पांच्या खोलीचं दार आपटून आत गेलो. "तुमच्या घरी विहीर हाय म्हणून तुम्हाला पाळी कळत न्हाई! काळीज हाय का न्हाई?"

अप्पा पान लावत होते. "कॉलेजात बी असंच करून आलास न्हवं?" (प्राचार्यांच्या टेबलावर दौत आपटली होती मी. ते उदगिरात पोराटोरांना ठाऊक.) मग म्हणाले, "हे बघ, मला तुझ्या बाया नको, तुझी हजेरी नको. मला संध्याकाळी डाळ पायजे. लातूर जिल्हा झाल्यापासून तिथला आडत्या दुप्पट माल मागून राहिला. एक खडा निघाला की पोतं वापस!"

मी आणखी ओरडलो. त्यांनी हाकललं.

७ एप्रिल

संगतीतली पोरं लातूरला नव्या कलेक्टर कचेरीत चिकटायला बघतायत. मी इथं अप्पांचं एक वाक्य चघळत बसलोय. बाया नको, डाळ पायजे. मग बाया मोजतो कशाला हा माणूस? — मी रोज मोजून देतो म्हणून!

त्याला दुःख सांगायला गेलो होतो. डाळ सांगायला पाहिजे होती.

८ एप्रिल

सकाळीच गेलो. दार हळू उघडलं. हात मागं बांधून ठेवले, म्हणजे आपटायला नकोत.

"अप्पा, बाया मोजू नका. टोळीला पोती नेमून द्या. संध्याकाळी डाळ बघून घ्या. खडा निघाला तर टोळीनं फुकट परत निवडायची. चौघी बसल्या का पाच, तुम्हाला काय करायचंय? मजुरी टोळीला द्या, त्या वाटून घेतील."

"अन् माल कमी पडला तर?"

"तर नावं काटतो. माझ्या हातानं."

बोलून गेलो! जीभ चावली.

"होगली बिडू," अप्पा कानडीत पुटपुटले. म्हणजे जाऊ दे. "मंगळवारपर्यंत बघतो."

कोंडाबाईला सांगितलं तर तिनं सूप खाली ठेवलं. "माझ्या पोरीचं नाव पणाला लावून आलास व्हय रं मुडद्या?" मग सूप उचललं. "चला गं. हात उचला."

१० एप्रिल

रविवार. मिल बंद. ती दिसली नाही. लई वाईट दिवस.

१२ एप्रिल, मंगळवार

जमलं! जमलं!!

अप्पांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळची डाळ काढली, या तळव्यावरून त्या तळव्यावर ओतली, फुंकर मारली, दोन दाणे चावले. "बरं हाय," म्हणाले. अप्पांच्या तोंडून बरं हाय म्हणजे लई झालं. आजही टोळीत चौघीच होत्या. त्यांनी विचारलंसुद्धा नाही!

पंचशीला पाणी भरून दुपारून आली. म्हणाली, "आई सांगत होती, सूप घेऊन बसलात अन् आमच्यापेक्षा जास्त खडे तुम्हीच शोधून राहिलते." आणि हसली. मला! तोंडावर!

१४ एप्रिल

जयंती. निळा फेटा बांधला. पाय दुखेपर्यंत नाचलो. ती पांढऱ्या साडीत आईबरोबर होती. दोनदा बघितलं तिनं. एकदा तरी नक्की.

१५ एप्रिल

अप्पांनी बोलावून चहा पाजला. मालक आणि चहा! "साहेबराव, तुझी गोष्ट पटली बघ. आजपासून सगळ्याच टोळ्यांना तसं. हजेरी बंद."

मी फुललो. म्हटलं, बघा, मी सांगत नव्हतो!

"मग आता," अप्पा म्हणाले, "हजेरीवाला कशाला ठेवू?"

१६ एप्रिल

फाटकाशी कोंडाबाईनं अडवलं. "गडी पाण्याला गेला तर आम्ही पाची जणी बसू, माल वाढंल. मजुरी टोळीची, कुणाला वाटायची ते आमचं आम्ही बघू. येतो का आमच्यात?" मागून पंचशीला म्हणाली, "दौत नव्हं आई, घागर हाय. हे आपटायचे न्हाईत ना?"

आपटणार न्हाई म्हणालो. उद्यापासून टँकरच्या रांगेत मी. पाची जणींच्या घागरी. त्यात एक तिची.