वाणाशिवाय हळदीकुंकू

फुनाबोरी,
२० जानेवारी २०२७

ती. आईंस,

वृंदाचा नमस्कार. गुडघे दुखतात, म्हणून साष्टांग फक्त कागदावर.

भानुदास बरे आहेत. तुमच्या नातीला, जुईला, मराठी सगळं कळतं; उत्तरं जपानीत देते, म्हणजे उलट उत्तरं तुम्हाला कळायला नकोत.

तुम्ही पाठवलेल्या वीस वाट्या पोचल्या. हळदीकुंकू छान झालं, पण वाण एकीलाही दिलं नाही. पहिली वाटी शेजारच्या मोरितासानना देणार, तोच त्यांनी माझं मनगट धरलं. सत्तरीच्या आहेत, कायदा पाठ. म्हणाल्या, "वृंदासान, ही वाटी दिलीत तर उमेदवारी गोत्यात येईल." उमेदवारानं मतदाराला भेटवस्तू देणं इथे गुन्हा. आपल्याकडे त्याला प्रचार म्हणतात.

तर, उमेदवारी. एप्रिलमध्ये वॉर्डाच्या निवडणुकीला उभी राहते आहे. त्यासाठी वॉर्ड ऑफिसातली नोकरी सोडली. नऊ वर्षं नव्यानं आलेल्या कुटुंबांना कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा ते शिकवलं. मुलांच्या शाळेबद्दल विचारायला आलेल्या बायकांना मात्र "नियमात नाही" एवढंच सांगता यायचं. आता नियम करतात तिथे बसायचं आहे. कुठेतरी वाचलं होतं, शंभर वर्षांपूर्वी नॉर्वेत एक बाई सरकारी कारखाना-निरीक्षक होती आणि नगरपालिकेतही निवडून यायची. मला एक धरून दुसरं सोडावं लागलं.

नोकरीच नव्हे, आणखीही काही सोडलं. तुम्ही दर फोनला विचारता, परत कधी येणार, आणि मी थंडीचं सांगत बसते. आई, उभं राहायला इथलं नागरिकत्व लागतं. ते मी दीड वर्षापूर्वी घेतलं. भारताचा पासपोर्ट परत केला. भानुदासांचा अजून भारताचाच आहे. "आईला धक्का बसेल, राहू दे," असं तेच म्हणाले, आणि मला ते सोयीचं पडलं. भित्रेपणा दोघांचा, पण तुमच्या लेकाचं नाव आधी लिहिलं.

तुम्ही नगरसेविका असताना सह्या बाबा करायचे, हे तुम्ही एकदाच, भांडी विसळताना बोललात. पुढे काही विचारू दिलं नाहीत. उमेदवारीचे कागद भरताना मला तुमचे ते ओले हात आठवत होते.

वाण मिळणार नाही हे कळूनही बायका दोन तास बसल्या. शाळेचंच बोलल्या. मोरितासाननी सगळं लिहून घेतलं. निवडून येईन की नाही, देव जाणे. पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, येऊही शकेन.

रागवा, पण फोन उचला.

नोकरी सोडलेली, पासपोर्ट परत केलेली, पण अजून तुमचीच सून,
वृंदा