फळ्यावरची अळी

२२ जानेवारी २०१८

संवादात्मक फळा आला. शाळेत सर्व जण त्याला 'मोठा टीव्ही' म्हणतात. मी एकटा 'संवादात्मक फळा' म्हणतो — आणि एकटाच पडतो.

माझ्या अकरावी वाणिज्याला मुले उरली नाहीत. सगळी चिखलीला जातात. प्राचार्य माणिकराव स्पष्टच बोलले, "सर, चार तारखेला पालकांना या फळ्यावर एक पाठ घेऊन दाखवा. पालकांना पटलं तर जूनमध्ये तुकडी. नाहीतर बंद, आणि तुम्ही अतिरिक्त." अतिरिक्त! छपन्नाव्या वर्षी! म्हणजे कुठल्या तरी परक्या शाळेतील दाराजवळची खुर्ची.

माझे राहो. दहावीतील राबियाचे काय? अशी नेटकी मुलगी मला वर्षानुवर्षे मिळालेली नाही. तिची आई नूरजहां मागे म्हणाली होती, "सर, अकरावी गावात असन तं शिकन. एस.टी.नं चिखलीले नाही पाठवत." म्हणजे तुकडी वाचली की राबियाचे शिक्षण वाचले. आणि मीही. (क्रम मुद्दाम असा लिहिला आहे.)

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर फळ्याचे पूजन. कुंकू, नारळ, झेंडूचा हार. हाराची दोन्ही टोके समान लोंबावीत म्हणून मी तो स्वतः दोनदा सरळ केला. मग कळ दाबली. फळ्याने आपल्या मनाने रेघोट्या ओढायला सुरुवात केली! थांबेचना. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "वा! स्वतःच शिकवतो म्हणायचा." सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या बाबतीत तो विनोद नव्हता.

२७ जानेवारी

चिखलीच्या तंत्रज्ञाला दूरध्वनी. त्याचा पहिलाच प्रश्न, "सर, हार काढला का?" चौकटीत न दिसणारे किरण असतात म्हणे, मध्ये काहीही आले की फळ्याला ते बोट वाटते. म्हणजे काल अध्यक्षांसमोर झेंडूने पाठ घेतला. माहितीपुस्तिका मी अथपासून इतिपर्यंत वाचली होती. तीत हाराचा उल्लेख नाही.

३१ जानेवारी

आज बोटाने ताळेबंद लिहिला. अक्षर माझ्या नातवाचे वाटते. नातू अडीच वर्षांचा आहे.

४ फेब्रुवारी

पाठाचा विषय: बँक आणि तिच्या सेवा. आंतरजालावरील चित्रफीत घरी मुलाच्या संगणकावर पुन्हा पुन्हा तपासून ठेवली होती. मात्र मुलाच्या संगणकावर जाहिराती लागत नाहीत, शाळेतल्यावर लागतात — हे कळले ते पालकांनी भरलेल्या वर्गात! जाहिरातही कशाची? कपाशीच्या बियाण्याची. पांढरेशुभ्र शेत, हसरा शेतकरी. यंदा गावाची निम्मी बोंडे अळीने पोखरली असताना!

मागून राबियाचे वडील मेहबूब ओरडले, "अरे बाप! इथं बी आली का हे जाहिरात?"

"पाच सेकंदांत जाईल," मी म्हणालो.

"आमच्या वावरात अळी आली ते गेलीच नाही, सर."

हशा. पुढे बँक सुरू झाली आणि लोक चपला शोधू लागले. तेवढ्यात मेहबूबच म्हणाले, "सर, याच्यात ते अळी दाखवता येते काय?"

"अभ्यासक्रमात नाही."

हे वाक्य मी खरोखर उच्चारले. नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे नाकारता येणार नाही.

लोक उठले. माणिकराव माझ्याकडे पाहत होते. मी घाईने शोधाच्या चौकटीत 'गुलाबी बोंडअळी' असे लिहिले. कृषी विद्यापीठाची चित्रफीत लागली. बोंड बाहेरून हिरवेगार. कापले की आत गुलाबी अळी. उठलेले बसले. मग त्याच अळीचा झालेला करडा पतंग आला. नूरजहां तडक पुढे आली, त्याच्यावर बोट टेकवले आणि चित्र थांबले. (मला ही क्रिया साधायला चार दिवस लागले.)

"या अल्ला! हे तं रोज आपल्या बल्बवर येते! मी म्हणे, येऊ दे, गरीब पाखरू आहे!"

फळा पुढे सांगू लागला — फरदड घेऊ नका. म्हणजे वेचणी संपल्यावर पुन्हा पाणी देऊन तीच कपाशी उभी ठेवू नका.

"आपली तं उभीच आहे," मेहबूब पुटपुटले.

"उपटा म्हणून राह्यली होती मी! काऊन ऐकलं नाही?"

"तू कवा म्हणे?"

"तुम्ही कवा ऐकता?"

अंधार पडेपर्यंत वाद चालला. एकही पालक गेला नाही. बँकेच्या एकाही सेवेचा उल्लेख झाला नाही.

५ फेब्रुवारी

मेहबूबने कपाशी उपटायला घेतली. माझ्या अध्यापनाचा इतका तातडीचा परिणाम यापूर्वी कधी दिसलेला नाही. विषय माझा नव्हता, एवढेच.

११ फेब्रुवारी

आज रविवार असूनही पालक आपणहून आले. "सर, टीव्ही लावा!" मी 'संवादात्मक फळा' म्हणणे सोडले. तुकडी वाचली, असे माणिकराव कानात म्हणाले. फुशारून गेलो!

निघताना राबिया थांबली. "सर, रागावू नका. मले वाणिज्य नाही घ्यायचं. मले हे अळीचं शिकायचं आहे."

"विषयाला नाव असते," मी.

"कृषी, सर."

"कृषी आपल्या गावात नाही."

"वाणिज्य तरी कुठं राह्यलं, सर?"

तिने जीभ चावली. उत्तर मात्र बिनचूक होते. एरवी मी पूर्ण गुण दिले असते. तिचे शिक्षण म्हणजे माझीच नोकरी, असे मी धरून चाललो होतो. कोणी विचारले होते?

जेवण गेले नाही. सौ. म्हणाली, "पित्त झालं असेल." हो म्हणालो.

१७ फेब्रुवारी

पालकसभा. ठराव: जूनपासून वाणिज्याची तुकडी बंद करून त्या जागी कृषीची सुरू करावी, परवानगी संस्थेने आणावी. सूचक: नूरजहां मेहबूब. अनुमोदनाला कोणी हात वर करेना. सगळे माझ्याकडे पाहत बसले.

अनुमोदक: मी.