सॅकचा पट्टा

भिसेगाव, एप्रिलमधला रविवार, संध्याकाळ

सुधीर हिमाचलच्या बर्फाखाली गेला त्याला वर्ष होत आलं. तेव्हा त्याच्या बरोबर असलेला मंगेश आज पहिल्यांदा घरी आला, चौक गावाहून. चहा तसाच ठेवून बोलत राहिला.

उन्हाळ्यात दुपारी बर्फ ओला होऊन उतारावरून सुटतो, म्हणून तो उतार सकाळीच आणि एकेकट्यानं ओलांडायचा, असं तिथल्या गाइडनं बजावलं होतं. यांना उशीर झाला. त्यात मंगेश मधोमध घाबरून थिजला.

"मीच हाक मारली वैनी. गाइड नको नको म्हणत होता. तरी सुधीर आला. म्हणला, माझ्या सॅकचा पट्टा धर रं. मी धरला, आन् वरून सगळा बर्फ आला. मला काढलं त्यांनी. हातात पट्टा नव्हता."

आपल्या डोंगरांत अडकलेल्याला एकटं सोडत नाहीत. जवळ जायचं, धीर द्यायचा. तिथं नेमकं तेच नको होतं. हे त्याला कळत नव्हतं? कळत असणारच. मग का गेलास रे?

मंगेशला घरातून घालवून द्यावंसं वाटलं. अगदी खरं.

मग ढाकचा कडा आठवला. आमच्या लग्नाआधीचा. अर्ध्यावर मी रडकुंडीला आले होते, खाली बघवत नव्हतं. हा मागे फिरून आला. "पट्टा धर गं," एवढंच म्हणाला.

चहा गरम करून मंगेशसमोर ठेवला. त्याला काय बोलणार? तेव्हा मीही हाकच मारली होती. सुधीर आला नसता, तर मी लग्नच केलं नसतं त्याच्याशी.