पैलवानाला सात गुण

दि. २ फेब्रुवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. गुडघा अजून दुखतो आणि तरीही तुम्ही शिवणयंत्राचं पायडल मारता, हे वाचून काळजी वाटली. उत्तराला उशीर झाला, माफ करा.

तुमची धाकटी बहीण गेल्याला काल पाच आठवडे झाले. मी ठीक आहे. दुकानात जातो, चष्म्याची भिंगं घासतो, घरी येतो. आमच्या धंद्यात एक बरं आहे. समोरचा माणूस अक्षरांच्या तक्त्याकडे बघत असतो, आपल्याकडे कुणी बघत नाही.

एका बाबतीत तुमचा सल्ला हवा आहे. सव्वीस वर्षं तिने दोन-दोन ब्रेकच्या लहानशा गाडीत बसून लोकांना ड्रायव्हिंग शिकवलं. निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी एक गाडी घ्यायची, एकच, पण मनासारखी, हे तिचं ठरलेलं होतं. शेवटी दोन गाड्या उरल्या. एक आमच्या दंतवैद्य बाईंची सेडान. टर्बो इंजिन आहे आणि चारही चाकांना ताकद मिळते, त्यामुळे ओल्या रस्त्यावरही घसरत नाही. दुसरी एक जुनी मसल कार. लांबलचक नाक, आठ सिलिंडर, सगळी ताकद मागच्या दोन चाकांना. सुरू केली की शेजारच्या खिडक्या थरथरतात. गॅरेजमध्ये जागा एकीचीच आहे.

इस्पितळात तिने मला सांगितलं की गाडी ठरली, घरी आल्यावर सांगते. मी कुठली ते विचारलं नाही. तिला बोलताना धाप लागत होती, आणि घरी येणारच होती.

दोन्ही मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहेत. तिने जी ठरवली होती तीच घ्यायची, एवढंच मला हवं आहे. पण ती कुठली, हे समजत नाही. तुम्हाला काही बोलली होती का?

जाता जाता सांगतो, मसल कारचा मालक म्हणजे तो शववाहिनी चालवणारा. वीस वर्षांपूर्वी तिचाच विद्यार्थी. त्या दिवशी दार लावून घेताना तो माझ्या कानाशी वाकला. मला वाटलं सांत्वन करतो आहे. त्याने विचारलं, की गाडी ठेवू की दुसऱ्या कुणाला दाखवू.

गुडघ्याला जपा. माझ्यावर आजवर होती तेवढी माया पुढेही राहू द्या.

आपला,
भिंगवाला


दि. ७ फेब्रुवारी

श्री. भावोजी यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी रडले आणि मग शववाहिनीवाल्याच्या ओळीपाशी असं हसू फुटलं की तोंडात धरलेल्या चार टाचण्या समोरच्या नवरीच्या झग्यावर उडाल्या. नवरीला वाटलं तिचं माप बघून हसते आहे. आता तिची समजूत काढायला बाह्यांना फुकट लेस लावून देणं आलं.

माणूस मात्र मला आवडला. दिवसभर पायी चालणाऱ्यांच्या मागे दहाच्या वेगाने गाडी न्यायची, आणि घरी असलं धूड बांधून ठेवायचं! तुमच्या लक्षात आलं का, माझ्या बहिणीने जन्मातला सगळ्यात सावकाश प्रवास मेल्यावर केला. उठून बसता आलं असतं तर गियर बदल म्हणून ओरडली असती त्याच्यावर.

मला ती गाडीचं नाव घेऊन काही बोलली नव्हती. डिसेंबरात एकदा दुपारी फोन आला होता, पण नुसती हसत होती. हसून हसून उचकी लागली, मग नंतर सांगते म्हणाली आणि फोन ठेवला. तुमच्या घरात ‘नंतर सांगते’ हा आजार आहे. तिला बोलायचं खूप असायचं म्हणून ती नंतर सांगायची, तुम्हाला बोलायचंच नसतं म्हणून तुम्ही नंतर सांगता.

माझं मत विचाराल तर मसल कार घ्या. तिला मी पैलवान म्हणते, तुमची ती टर्बो म्हणजे शहाणी. तुमच्या घरात एक शहाणं माणूस आहे तेवढं पुरे. पण माझं मत राहू द्या, धाकटीचंही क्षणभर राहू द्या. तुम्हाला स्वतःला कुठली आवडते? एवढ्या मोठ्या पत्रात त्यावर एक शब्द नाही.

फोन उचलत चला. वाजून वाजून बिचारा दमतो. माझी वटवट गोड मानून घ्या, कारण ती थांबणारी नाही.

तुमची,
ताई


दि. १३ फेब्रुवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

प्रश्न सुटला. आनंदाची बातमी म्हणून कळवतो.

गेल्या आठवड्यात ड्रायव्हिंग स्कूलमधून तिची पिशवी आली. छत्री, जादा चष्मा, शिसपेन्सिल आणि दोन गुणपत्रकं. विद्यार्थ्यांना गुण देण्याचे शाळेचे जे छापील कागद असतात, तेच. गाडीच्या रकान्यात एकावर ‘टर्बो’ आणि दुसऱ्यावर ‘आठ सिलिंडर’ असं तिच्या अक्षरात. तारीख दोन्हीवर एकच, डिसेंबरातली. त्या दिवशी दोन्ही गाड्यांची चक्कर झाली होती. चालवत ती होती. विद्यार्थ्याच्या नावाची जागा कोरी आहे, कारण विद्यार्थी नव्हताच. मी नुसता शेजारी बसलो होतो.

म्हणजे तिने गाड्यांना रीतसर गुण देऊन ठेवले होते. तुमच्या माहितीसाठी उतरवून पाठवतो. प्रत्येक विषयाला दहा.

टर्बो: आसन १०, ताठ. हात १०, मांडीवर. पाय ९, स्थिर. नजर ८, सरळ. आवाज १०, अजिबात नाही. धीर १०. एकूण ५७. शेरा: गाडीत कुणी आहे असे वाटले नाही.

आठ सिलिंडर: आसन २, घसरणे. हात ०, वरच्या कडीला. पाय ०, नसलेला ब्रेक दाबणे. नजर १, मिटलेली. आवाज ०, तारस्वर, एक शिवी. धीर ४, उतरताना अजून एका चकरेची मागणी. एकूण ७. शेरा: फेरपरीक्षा.

काही नोंदी नीट लागल्या नाहीत म्हणून शववाहिनीवाल्याला भेटून आलो. नजर मिटलेली म्हणजे हेडलाइट अधूनमधून बंद पडत असणार. त्याने भर बाजारात दोन्ही लावून दाखवले. नसलेल्या ब्रेकचं विचारल्यावर त्याचा चेहरा पडला. सुटीच्या दिवशी गाडीखाली झोपून त्याने चारही चाकांचे ब्रेक उघडून पाहिले, सगळे जागेवर होते. शिवी म्हणजे सायलेन्सरचा फटाका असावा. ते त्याने कबूल केलं नाही. वर मला म्हणाला, की बाईंनी शिकवलेल्या माणसाच्या गाडीत खोट काढायची असेल तर आधी त्यांना वर जाऊन विचारून या. नंतर त्याला वाईट वाटलं आणि त्याने चहा मागवला.

असो. सत्तावन्न आणि सात. यावर आणखी काय बोलणार? टर्बो इतकी शांत आहे की आत कुणी आहे असं वाटत नाही, ही तर तिने केलेली स्तुतीच. दंतवैद्य बाईंना मी होकार कळवला आहे. रविवारी, २५ तारखेला गाडी आणायला जाईन.

मला कुठली आवडते असं तुम्ही विचारलं होतं. मी त्या अंगाने विचार केला नाही.

ऋणानुबंध आहेच, तो असाच राहो.

आपला,
भिंगवाला


दि. १८ फेब्रुवारी

भावोजी,

स. न. वि. वि. पुढच्या पत्रात दोनदा लिहीन. आज वेळ नाही. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे कुरिअरने पाठवते आहे. रविवारच्या आत मिळालं पाहिजे. दंतवैद्याकडे जाऊ नका! दात दुखला तरी जाऊ नका.

अहो, दुनियेला चष्मे देणारा माणूस आणि स्वतःच्या बायकोचं अक्षर वाचता येऊ नये? गाडी शिवी देते का हो? गाडीला मांडी असते का? ते गुण गाडीचे नाहीत. तुमचे आहेत!

तुम्ही लग्नाआधी दुसरीकडे गाडी शिकलात, म्हणून तुम्हाला तिची पद्धत ठाऊक नाही. मला आहे, कारण मी तिच्या हाताखाली चारदा नापास झाले आहे. विद्यार्थी पास होईपर्यंत ती कागदावर नाव लिहायची नाही. नापासाचा कागद कुणाच्या हाती लागला तर माणसाला खाली बघायला लागू नये म्हणून. पास झालं की मगच पेन्सिल उचलून नाव, तेही विद्यार्थ्याच्या समोर. माझ्या पहिल्या चार कागदांवर नावाची जागा कोरी आहे आणि शेऱ्यात ‘म्हशीला वाचवले, खांबाला नाही’ असं लिहिलेलं आहे. मी ते जपून ठेवले आहेत.

आता पुन्हा वाचा. मांडीवर हात ठेवून, ताठ बसून, अवाक्षर न काढता टर्बोतून कोण गेलं? सत्तावन्न गुण देऊनही तिने तुमचं नाव लिहिलं नाही, भावोजी. गाडीत कुणी आहे असं वाटलं नाही, ही स्तुती नव्हे. तीस वर्षं ती ज्या गोष्टीवरून तुम्हाला चिडवत होती तीच आहे ती.

आणि पैलवानात कडीला लोंबकळून, डोळे मिटून, पायाने गाडीची फरशी दाबत कोण शिव्या देत होतं? ती उचकी लागलेली दुपार आता मला कळली. तुम्ही ओरडलात, म्हणून ती हसत होती. आणि उतरताना अजून एक चक्कर कुणी मागितली, हे मी सांगायचं का तुम्ही आठवून बघता?

फेरपरीक्षा तिने घरी येऊन घ्यायची ठरवली होती. आता गाडी कुठली ठरली होती, ते तुमचं तुम्ही ओळखा.

त्या बिचाऱ्या शववाहिनीवाल्याची क्षमा मागा. त्याने तुमच्यापायी चार चाकं खोलली.

रागावलात तर कळवा, न रागावलात तर फोन उचला.

तुमची,
ताई


दि. २७ फेब्रुवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शनिवारी दुकानात मिळालं. एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर चाचणीची चौकट चढवली होती. पत्र वाचून होईपर्यंत तो तसाच बसून राहिला. शेवटी त्याने विचारलं की इतकं अंधुक दिसतंय ते बरोबर आहे का. मी हो म्हणालो.

शिवी मी दिली होती. उतारावरून खाली येताना तिने मुद्दाम पाय दाबला तेव्हा. कुठली ते लिहीत नाही. आणि अजून एक चक्कर मारू असं मीच म्हणालो होतो. ती इतकी हसत होती की तिने गाडी कडेला घेतली. इस्पितळाच्या धांदलीत हे सगळं मी कुठे ठेवून दिलं होतं कोण जाणे. सापडलं ते तुमच्या पत्रात.

लगेच दंतवैद्य बाईंकडे गेलो. कुणाचा तरी दात अर्धा बाहेर होता. मी दारातूनच सांगितलं की मला टर्बो नको, मी त्यात सत्तावन्न गुण मिळवले आहेत. त्यांनी खूण करून मला बसवलं, काम संपवलं आणि मग सगळं ऐकून घेतलं. गाडीला दुसरं गिऱ्हाईक होतं, त्यामुळे त्यांचं नुकसान झालं नाही. दात गेलेला माणूस मात्र जाताना माझ्याकडे वळून वळून बघत होता.

काल शववाहिनीवाला पैलवानाला आमच्या दारात घेऊन आला. मी त्याची क्षमा मागितली. गुणपत्रकही दाखवलं. ते वाचून तो गंभीर झाला आणि म्हणाला, की बाईंनी त्याचं नाव सहाव्या खेपेला लिहिलं होतं. मग मला शेजारी बसवून त्याने गाडी सुरू केली, जागच्या जागी. नुसती जागेवर, ताई. तरी माझा हात कडीला गेला आणि पाय फरशीवर रुतला. डोळेही मिटले असावेत. उघडले तेव्हा समोरच्या घरातल्या आजी खिडकीत उभ्या राहून कानांत बोटं घालून बघत होत्या. मी त्यांना हात केला. हा हात कडीचा नव्हता, दुसरा होता.

तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर: मला पैलवान आवडतो.

आता विनंती. फेरपरीक्षा शेजारच्या सीटवरची आहे, तेव्हा गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवायला हवी. शववाहिनीवाल्याला विचारलं, पण सवयीने तो दहाच्या पुढे जात नाही. तुम्ही चारदा नापास झाल्या आहात, शिवाय खांबाचा अनुभव आहे. याहून योग्य माणूस मला सापडणार नाही. गाडीचं आसन खाली आहे, गुडघ्याला त्रास होईल. बसताना मी हात देईन. उतरताना कोण कुणाला देईल ते तेव्हा बघू.

तिची पेन्सिल मी टोक करून कोऱ्या कागदांसोबत समोरच्या कप्प्यात ठेवली आहे. गुण तुम्ही द्या. नावाची जागा मात्र लगेच भरू नका. सहा-सात वेळा नापास व्हायची माझी तयारी आहे.

पायडल मारणं कमी करा, गुडघा शाबूत घेऊन या. परीक्षकाची कृपा नसली तरी चालेल, ताईंची असू द्या.

आपला,
भिंगवाला

ता. क. कालपासून फोन उचलतो आहे. दोन्ही वेळा राँग नंबर होते. तरी बोललो.